नाही म्हणणारं गाव

माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष इतका साफ निघाला होता की हत्तुरे सरांनी कॉलेजच्या कँटीनमधून स्वतःच्या खिशातून दोन चहा मागवले. सरांना ओळखणाऱ्यांना ही केवढी घटना आहे ते कळेल. शहात्तर सालची गोष्ट.

विषय होता मामा-भाचीचं लग्न. आमच्याकडे, खास करून सोलापूरच्या दक्षिणेला, मुलगी लग्नाची झाली की पहिला हक्क तिच्या सख्ख्या मामाचा. पुण्याकडची माणसं हे ऐकून कानांवर हात ठेवतात. आमच्यात उलटं. मामा असताना मुलगी बाहेर दिली तर लोक विचारतात, मामात काय खोट निघाली? सरांचं म्हणणं असं की शहराजवळच्या खेड्यांत ही चाल आता झपाट्यानं मागं पडतेय. तसा एक लेखही त्यांनी लिहून टाकला होता. लेखाला आधार हवा होता आणि आधार शोधायला मी होते.

मी म्हणजे दानम्मा. सिद्रामप्पा भुसारवाल्यांची मुलगी, एम.ए. पहिल्या वर्गात, आणि आमच्या नातेवाइकांच्या हिशेबी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मामाला नकार दिलेली. मल्लिकार्जुनमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. माणूस सरळ, शेती चांगली, व्यसन कसलं नाही. मी बी.ए.ला असताना घरात बोलणं निघालं आणि मी तोंडावर सांगितलं, मला शिकायचंय, आणि ज्याच्या खांद्यावर बसून मी सोलापूरची गड्ड्याची जत्रा बघितली त्याच्याशी मला संसार करायचा नाही. काही दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग मामानं दुसरीकडं लग्न केलं आणि प्रकरण मिटलं, असं मी धरून चालले.

पाहणीसाठी गाव निवडायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "तुझं आजोळच घे. परक्या बाईला कोण सांगणार आहे घरातलं? तू त्यांची. तुला पोटातलं सांगतील." मला ते लगेच पटलं. होटगीच्या पुढं थोड्या अंतरावर आहे ते गाव. प्रबंधात मी त्याचं नाव बदललं, तेव्हा इथंही सांगत नाही.

मामा शेतातच राहायचा, म्हणून मुक्काम दोड्डव्वाकडे. कन्नडात आईला अव्वा आणि थोरल्या मावशीला दोड्डव्वा म्हणतात. माझी दोड्डव्वा म्हणजे अक्कम्मा, आईची मोठी बहीण, गावातल्या गावात दिलेली. तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा आणि तिच्या एका भाकरीत माझं दोन वेळचं जेवण व्हायचं. सकाळी मी सायक्लोस्टाईल केलेल्या प्रश्नावल्या पिशवीत भरायच्या आत ती डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडलेली असायची. "पुढं हून बघून येते, बायका घरात हायत का शेतात गेल्यात," म्हणायची. मला वाटायचं, काय नशीब माझं! सरांच्या इतर विद्यार्थ्यांना कुत्री चावत होती आणि माझ्यासाठी दारं आधीच उघडलेली असायची.

मुख्य प्रश्न एकच होता, बाकीचे त्याच्या आजूबाजूला. तुमची मुलगी तुमच्या सख्ख्या भावाला द्याल का? बोलणं अर्धं कन्नड अर्धं मराठी चालायचं. उत्तर मात्र जवळजवळ सगळीकडे एका सुरात. "न्हाय गं बाई. मामाला कशाला? आता तसलं कुटं ऱ्हायलंय?" आणि लगेच शेंगांची ताटली पुढं. सुंदरम्मा म्हणून एक होती, तिनं तर माझ्या गालावरून हात फिरवला. "तुमा शिकलेल्या पोरींचंच बरोबर हाय की," म्हणाली. मी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. खरं सांगायचं तर प्रत्येक नकार लिहिताना मला आतून बरं वाटत होतं. माझा एकटीचा नकार आता एकटा राहिला नव्हता.

दहातल्या नऊ बायका नाही म्हणाल्या. सरांनी तक्ते दोनदा तपासले आणि मग ते दोन चहा आले. "जूनमध्ये आपल्याकडे एक जागा निघतेय," सर बशीत चहा ओतत म्हणाले. "तोवर प्रबंध दाखल झाला पाहिजे. मग तुला कोण अडवतंय?" प्रबंध टायपिंगला गेला. अप्पांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, आमची मुलगी आता प्राध्यापक होणार, हे सांगायला सुरुवात केली.

टाईप करणाऱ्यानं खोड काढली नसती तर पुढचं काही घडलंच नसतं. तीन-चार प्रश्नावल्यांवर वयाचा रकाना कोरा राहिलाय, असं त्यानं दाखवलं. एवढ्यासाठी जायची गरज नव्हती, अंदाजानं भरता आलं असतं. पण मला तसलं जमत नाही. सोमवारी सकाळची पॅसेंजर धरली आणि कुणालाही न कळवता गावात जाऊन उभी राहिले.

गावात शिरताना गव्हाच्या हुग्गीचा, म्हणजे खिरीचा, वास आला. वेलदोडा, गूळ, तूप. आमच्यात हुग्गी शिजते ती लग्नकार्याला. वास सुंदरम्माच्या घरातून येत होता आणि मला तिचंच वय विचारायचं होतं. मी हसत हसत आत गेले.

सोप्यात बायका बसलेल्या. मध्ये पाटावर सुंदरम्माची थोरली मुलगी काशम्मा, हिरवं लुगडं, ओटीत नारळ. समोर विधी सांगणारे जंगमस्वामी. आणि त्यांच्या शेजारी नवा पटका बांधून बसलेला गुरुलिंग, सुंदरम्माचा पाठचा भाऊ. मला बघून सुंदरम्मानं काय करावं? ताडकन उठून ती मुलीच्या पुढ्यात उभी राहिली, आपल्या अंगाआड अख्खी पोर लपते अशा समजुतीनं. "ये की, ये की दानम्मा," ती म्हणाली. "काय न्हाय, स्वामींना जेवायला बोलिवलंय." गुरुलिंगनं पटका काढून मांडीखाली सरकवला. बिचारा नवरदेव! माझ्यामुळे आपल्याच साखरपुड्यात चोर झाला.

कोपऱ्यात दोड्डव्वा होती. ती उठली, माझं मनगट धरलं आणि मला थेट आपल्या घरी आणलं. दार लोटून घेतलं, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"सुंदरम्मा तर नाही म्हणाली होती," मी म्हटलं.

"मग काय तुज्या तोंडावर व्हय म्हनायचं?"

"म्हणजे?"

"तू मामाला न्हाय म्हनलीस. सगळ्या गावाला ठावं हाय. आता तूच घरोघर जाऊन इचारतीस, मामाला पोरगी देनार का. त्यांनी देनार म्हनलं तर तुला काय वाटंल? आमची पोरगी इतक्या दिसांनी आली, तिला टोचून बोलायचं व्हय? मीच सांगून आले सगळ्यांना. म्हनलं, तिच्या जिवाला लागंल असं कुनी बोलू नगा. आनि परीक्षा हाय तिची, तिला पायजे ते सांगा."

"परीक्षा नाहीये ती, दोड्डव्वा!"

"कागदावर इचारून कागदावर लिवतीस. परीक्षा न्हाय तर काय हाय?"

मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. दोन वर्षं ज्वारी चांगली पिकली होती, गावात लग्नं निघाली होती. त्यातली मामाला देण्याची जेवढी होती तेवढी माझी पाहणी संपेपर्यंत थांबवून ठेवली होती. दानम्मा गेली की मग बघू, असं ठरलं होतं. मी सोलापूरला जाऊन तक्ते भरत होते तेव्हा इकडं एकेक साखरपुडा उरकत होता. आणि माझ्या तक्त्यात ही चाल मागं पडली होती.

मला दोड्डव्वाचा इतका राग आला की तांब्या भिंतीवर आपटावासा वाटला. आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. अख्ख्या गावानं मला सांभाळून घेतलं होतं. माझ्यावर एवढी माया कुणी केली नव्हती, आणि माझं एवढं नुकसानही कुणी केलं नव्हतं. मी यातलं काहीच केलं नाही. वयं विचारून घेतली आणि परत आले.

हत्तुरे सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आधी ते मनापासून हसले, पटका मांडीखाली सरकवल्याच्या ठिकाणी. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू कुणाच्या तोंडी खोटं घातलंस का?"

"नाही सर."

"आकडे बदललेस?"

"नाही."

"मग झालं. लोक जे सांगतात ते आपण लिहायचं. आपण काय पोलीस आहोत, खरं-खोटं करायला? आणि मला सांग, कुठल्या पाहणीत लोक शंभर टक्के खरं बोलतात?"

"पण सर, मला आता माहीत आहे. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी."

सरांनी टेबलावरचा चष्मा पुसायला घेतला. वाईट माणूस नव्हता तो. मुलींना खेड्यात पाठवायला जिथं बापही तयार नसायचे तिथं त्यांनी स्वतः घरी येऊन अप्पांना समजावलं होतं. लेखही त्यांनी खोटा लिहिला नव्हता. त्यांना तसं मनापासून वाटत होतं, कारण तसं व्हावं अशी त्यांची इच्छा होती. माझीही तीच होती.

"परत विचारायचं म्हणतेस," ते म्हणाले. "पण जाणार तर तूच ना? हाच चेहरा घेऊन. याच चेहऱ्याला बघून तर त्या नाही म्हणाल्या. दुसरं कुणी पाठवावं तर परक्या बाईला त्या उंबऱ्यावरूनच वाटेला लावतील."

"मी गावाला सांगून विचारते."

"काय सांगून?"

"हेच. जे तुम्हाला सांगितलं ते."

"जूनची जागा जाईल, दानम्मा."

"हो सर."

त्यांनी चष्मा परत घातला आणि टायपिंगवाल्याला निरोप पाठवला की काम थांबव. एवढं त्यांनी केलं, आणि मी ते विसरलेली नाही. अप्पांना सांगणं जास्त अवघड गेलं. ते म्हणाले, "बरं." आणि दुकानात दिवसभर गल्ल्याकडं पाठ करून बसले.

पुन्हा गावात गेले आणि सगळ्यात आधी दोड्डव्वाला कामाला लावलं. म्हटलं, तू सांगत फिरली होतीस ना, आता तूच सगळ्यांना बोलावून आण. दुपारी सगळ्या तिच्या सोप्यात जमल्या, कुणी शेंगा फोडायला घेऊन, कुणी लेकरं घेऊन. मी उभी राहिले. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली होती मी, आणि तिथं पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

शेवटी सांगितलं. की मी मामाला नकार दिला हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. की तुम्ही माझं मन राखलंत. पण मला जे लिहायचंय ते माझ्या मनाबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात तर पुस्तकात खोटंच छापलं जाईल, आणि उद्या ते वाचून कुणीतरी तुमच्याबद्दल भलतंच ठरवेल. कुणाचं नाव लिहिणार नाही. ज्यांना सांगायचं नाही त्यांनी सांगू नका, त्यांचा आधीचा कागदही मी इथंच फाडून टाकते.

"आनि तुला वाईट वाटलं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"वाटू दे."

सुंदरम्मानं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग ती बोलली. मान ताठ होती तिची.

"मी दिली. आनंदानं दिली. माजी पोर माज्या भावाच्या घरात जाती, परक्याच्या न्हाय. ती रडली तर मला ऐकायला येतंय. बाहेर दिली असती तर कुनाला दिसलं असतं?"

मग धरण फुटलं. एकेक बोलायला लागली. कुणाला भावाशी नातं टिकवायचं होतं, कुणाची जमीन दोन्हीकडं होती, कुणी म्हणाली विचारच केला नाही, असंच चालत आलंय. मी लिहीत होते आणि माझा सुंदर निष्कर्ष माझ्याच हातानं उलटा होत होता. दोघी उठून गेल्या. त्यांचे कागद मी फाडले.

ईरम्मा म्हणून एक बाई गप्प बसून होती. तिचं स्वतःचं लग्न मामाशी झालेलं. तिची दोन मुलं लहानपणीच गेलेली, तिसऱ्याला ऐकू येत नव्हतं. मी तिच्याकडे वळले तेव्हा ती म्हणाली, "माजं आधीचंच ऱ्हाऊ दे. मी तवा बी खरंच न्हाय म्हनले हुते."

"तेव्हाच का नाही सांगितलंस नीट?"

"सगळ्याच न्हाय म्हनत हुत्या की. त्यात माज्या न्हायला कोन इचारतंय?"

अख्ख्या गावातली एकच खरी 'नाही' आणि ती मी इतरांच्या ढिगात टाकून मोजली होती. त्या दुपारी मी ईरम्मापाशी दिवे लागेपर्यंत बसले. आधी जे तीन ओळींत उरकलं होतं त्याचं पुढं एक प्रकरण झालं, आणि परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले. पण ते नंतरचं.

सगळ्या गेल्यावर मी दोड्डव्वाला म्हटलं, "आता तू सांग."

"मी काय सांगू? मी तुज्या घरची."

"म्हणूनच आधी विचारलं नव्हतं. आता विचारते. दिली असतीस?"

ती सुपातली टरफलं गोळा करत राहिली. "तुलाच दिली असती," म्हणाली. "माज्या हातात असतं तर हात धरून मल्ल्याच्या घरात नेऊन बसिवली असती. मला अजून बी वाटतंय तू चुकलीस." मग म्हणाली, "एवढं सांगतेच हाय तर सगळंच सांगते. तुजी अव्वा हितं येती तवा माज्याकडंच का उतरती?"

"मामा शेतातच राहतो म्हणून."

"तसं ती तुला सांगती. मल्ल्यानं तिला बोलावनंच बंद केलंय. तू न्हाय म्हनलीस त्या दिसापास्नं. पंचमीला न्हाय, दिवाळीला न्हाय. त्याच्या पोराच्या बारशाला बी तिला न्हाय सांगितलं. तुला कळू द्यायचं न्हाय म्हनून तिनं शपथ घातलीय आमा सगळ्यांना."

सहा वर्षं दरवर्षी नागपंचमीला आई पिशवी भरून आजोळी जायची आणि परत आल्यावर मामाची खुशाली सांगायची. मामानं विचारलंय हो तुला, म्हणायची.

नोकरीचं आणि प्रबंधाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. जूनची जागा माढ्याच्या एका मुलाला मिळाली. प्रबंध वर्षभरानं गेला. निष्कर्ष आता लहान होता आणि त्याला बरेच जर-तर चिकटलेले होते. पाहणी आधी कशी फसली आणि का फसली हेही मी त्यात लिहिलं, दोड्डव्वाला वाचून दाखवून, तिच्या परवानगीनं. हत्तुरे सरांनी एकच दुरुस्ती सुचवली. म्हणाले, संदर्भात माझा लेख राहू दे, पण तुझ्या माहितीशी तो जुळत नाही असं स्पष्ट लिही. मी तसं लिहिलं.

पण त्या सगळ्याच्या आधी, गावाहून परतले त्याच संध्याकाळी, मी आईसमोर जाऊन बसले. ती ज्वारी निवडत होती. माझ्याकडं एक कोरी प्रश्नावली उरली होती.

"अव्वा, एक विचारायचंय."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. "अक्कानं सांगितलं वाटतं," म्हणाली.

"हो."

"तोंडात तीळ भिजत नाही तिच्या." तिनं ताट बाजूला सरकवलं. "विचार की मग. सगळ्या गावाला विचारलंस, मी काय पाप केलंय?"

मी प्रश्न वाचून दाखवला, सगळ्यांना वाचला होता तसा. तुमची मुलगी तुमच्या सख्ख्या भावाला द्याल का?

माझं मन राखायचं की खरं बोलायचं, हे आईच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, आणि या वेळी मला ते वाचता येत होतं.

"दिली असती," ती म्हणाली. "आज बी देईन. माझं माहेर राहिलं असतं."

मी 'हो' लिहिलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"आता पुढचं लिही. तू नको म्हणालीस तेव्हा तुझे अप्पा गप्प बसले होते. तू कॉलेजात गेली होतीस, मल्ल्या दारात येऊन ओरडत होता. मी उंबऱ्यात उभी राहून त्याला सांगितलं, ती नको म्हणते म्हणजे नको. पुन्हा विचारायचं नाही तिला." तिनं कागदाकडं बोट दाखवलं. "हे लिहायला जागा हाय का त्यात?"

नव्हती. हो किंवा नाही एवढ्याच दोन चौकटी मी आखल्या होत्या. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आई सांगेल तसं लिहायला लागले.